इलेक्ट्रिक गाडी, छतावरचं सोलर आणि विजेचं बिल: तिन्हींचा हिशोब एकत्र कसा मांडायचा

शोरूममध्ये सांगतात, "किलोमीटरला रुपयासुद्धा खर्च येत नाही." सोलरवाला सांगतो, "बिल शून्यावर येईल, दोन वर्षांत पैसे वसूल." दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असू शकतं. पण दोन्ही गोष्टी एकाच घरात आल्या की छतावर तयार झालेलं एकच युनिट दोघंही आपापल्या खात्यावर मांडतात. गाडी फुकट चालली असंही म्हणायचं आणि त्याच युनिटांनी घरचं बिल वाचलं असंही म्हणायचं, हे जमत नाही. आठ-दहा लाखांचा व्यवहार या चुकीच्या बेरजेवर ठरू नये, म्हणून हा हिशोब टप्प्याटप्प्यानं मांडतो आहे.

पुढचे आकडे महावितरणच्या घरगुती ग्राहकाला धरून आणि पूर्णांकात घेतले आहेत. मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर किंवा अदानी यांची वीज असेल तर दर वेगळे. गोव्यात घरगुती वीज महाराष्ट्रापेक्षा बरीच स्वस्त आहे, त्यामुळे तिथे गाडीचं गणित लवकर जमतं आणि सोलरचं उशिरा. रीत सगळीकडे तीच, आकडे तुमच्या बिलातले घाला.

आधी बिल घेऊन बसा

गेल्या वर्षभराची बिलं काढा. मागच्या महिन्यांचा वापर बिलावर छापलेला असतो, तो बारा महिन्यांचा एका कागदावर उतरवा. उन्हाळ्यातला एसी आणि हिवाळ्यातला गिझर यांचे चढउतार त्यात दिसतील. मग खालचे रकाने बघा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर वीज शुल्क. घरगुती ग्राहकाला हे वीज शुल्क १६ टक्के लागतं. बहुतेक लोक फक्त वीज आकाराचा दर बघतात आणि तिथेच फसतात. वहन आकार प्रत्येक युनिटावर लागतो आणि दोन्हींवर मिळून शुल्क लागतं, त्यामुळे खरा दर छापील दरापेक्षा चांगलाच वर जातो.

महाराष्ट्रात दर टप्प्याटप्प्यांनी चढतो: पहिली १०० युनिटं, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, त्यापुढे आणखी महाग. सगळं धरून पहिल्या टप्प्यात युनिट साधारण ७ रुपयांना, दुसऱ्यात १३ आणि तिसऱ्यात १७ रुपयांना पडतं असं धरू. दर बदलत राहतात, पण टप्प्यांमधली ही दरी बरीच वर्षं टिकून आहे.

या दरीमुळेच 'आम्हाला युनिट सरासरी दहा रुपयांना पडतं' या वाक्याचा निर्णय घेताना काही उपयोग नाही. समजा, साताऱ्यात चौघांचं घर आहे, महिन्याला २२० युनिटं जळतात. बिल होतं १०० गुणिले ७ अधिक १२० गुणिले १३, म्हणजे २,२६० रुपये, वर स्थिर आकार. सरासरी निघते १० रुपये ३० पैसे. आता या घरात गाडी आली आणि महिन्याला १४३ युनिटं खायला लागली. ती युनिटं सरासरीनं येत नाहीत, ती वरच्या टोकाला जाऊन बसतात. ३०० पर्यंतची ८० युनिटं १३ च्या दरानं, उरलेली ६३ युनिटं १७ च्या दरानं. मिळून २,१११ रुपये. सरासरीनं काढले असते तर १,४७३ आले असते. महिन्याला सहाशेच्या वर फरक, तोही फक्त गुणाकार कुठल्या दरानं केला यामुळे.

सोलरला हाच नियम उलटा लागतो. छतावरचं युनिट बिलातून आधी वरचं, महाग युनिट कापतं. म्हणून ज्या घराचा वापर ९० युनिटं आहे त्याला सोलरचा फायदा मर्यादित, आणि ज्याचा ४०० आहे त्याला घसघशीत. कागदावर एक ओळ मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: 'आमच्या घरात पुढचं वाढीव युनिट अमुक रुपयांना पडेल.' पुढचा सगळा हिशोब याच आकड्यावर चालतो.

गाडी खरंच किती चालते

दुसरा आकडा वर्षाकाठच्या किलोमीटरचा. तो अंदाजानं सांगू नका. सध्याच्या गाडीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्यांवर प्रत्येक वेळचं मीटर रीडिंग लिहिलेलं असतं. दोन पावत्यांची वजाबाकी करा, मधले महिने मोजा, खरा आकडा हातात येतो. आपली गाडी भरपूर फिरते असं प्रत्येकाला वाटतं. पावत्या काढल्या की पुष्कळदा वर्षाला पाच-सहा हजारच निघतात.

आता किलोमीटरचा भाव. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरलं आणि लहान गाडीनं शहरात १५ चा ॲव्हरेज दिला तर किलोमीटरला जवळपास ७ रुपये. सीएनजी ९२ रुपये किलो आणि २१ चा ॲव्हरेज, म्हणजे ४ रुपये ४० पैसे. लहान इलेक्ट्रिक गाडी भिंतीवरच्या मीटरनं मोजलं तर युनिटला सुमारे ७ किलोमीटर जाते. गाडीच्या स्क्रीनवर आठ-साडेआठ दिसेल, पण स्क्रीन बॅटरीतून बाहेर पडलेली वीज मोजते. चार्जिंग करताना दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते आणि तिचेही पैसे तुम्हीच भरता. वरच्या साताऱ्याच्या घरात महिन्याला १,००० किलोमीटरला २,१११ रुपये, म्हणजे किलोमीटरला २ रुपये १० पैसे. हायवेवरच्या फास्ट चार्जरवर जीएसटी धरून २० ते २५ रुपये युनिट पडतं, तिथे हाच खर्च साडेतीन रुपयांपर्यंत जातो.

पेट्रोलशी तुलना केली तर किलोमीटरला पावणेपाच-पाच रुपये वाचतात. तशाच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिकला ऑन-रोड साडेतीन लाख जास्त जात असतील, तर ते वसूल व्हायला सुमारे ७३ हजार किलोमीटर चालवावी लागेल. वर्षाला १२ हजार चालवणाऱ्याला सहा वर्षं. पाच हजार चालवणाऱ्याला चौदा-पंधरा वर्षं, म्हणजे फक्त पैशासाठी घेत असाल तर सरळ नको म्हणा. सीएनजीशी तुलना आणखी कठीण आहे. जादा किंमत अडीच लाख धरली तरी किलोमीटरला सव्वादोन रुपये वाचतात, म्हणजे लाखाच्या वर किलोमीटर लागतात. सीएनजीच्या पंपावरची रांग आणि डिकीतली गेलेली जागा या गोष्टींची किंमत ज्यानं त्यानं लावायची, पण पैशाच्या बाजूनं सीएनजी हा इलेक्ट्रिकचा खरा प्रतिस्पर्धी आहे आणि विक्रेते तुलना नेहमी पेट्रोलशीच दाखवतात.

याच्यात कर्जाचं व्याज धरायला विसरू नका. जादाचे साडेतीन लाख ९ टक्क्यांनी घेतले तर पहिल्या वर्षी साधारण ३१ हजार व्याजातच जातात आणि इंधनातली बचत आहे ५८ हजारांच्या आसपास. याउलट ऑइल, फिल्टर, क्लच हे खर्च इलेक्ट्रिकला नाहीत, तेवढे काही हजार दरवर्षी वाचतात. प्राप्तिकरात इलेक्ट्रिक गाडीच्या (ईव्हीच्या) कर्जव्याजावर कलम ८०ईईबीखाली जी वजावट होती, ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच आहे. नव्या खरेदीत ती धरू नका, कुणी धरून दाखवली तर खोडा.

जीएसटीचंही एक सांगतो. इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा २८ चा १८ टक्के झाला, त्यामुळे दोन्हींच्या किमतीतली दरी वाढली. त्याआधीची इंटरनेटवरची तुलनापत्रकं बाजूला ठेवा आणि ताजी कोटेशनं घ्या.

स्कूटरचा विचार आधी करा

माझं मत स्पष्ट आहे: घरात रोज पळणारी स्कूटर असेल तर पहिला पैसा तिच्यावर घाला. पेट्रोलची स्कूटर ४५ च्या ॲव्हरेजनं किलोमीटरला २ रुपये ३० पैसे घेते. इलेक्ट्रिक स्कूटर एका युनिटात तीसेक किलोमीटर जाते, १३ रुपयांच्या युनिटानं ४३ पैसे. जादा किंमत ३० हजार असेल तर १६ हजार किलोमीटरमध्ये फिटते. ऑफिसला रोज पंचवीस किलोमीटर ये-जा असेल तर दोन-सव्वादोन वर्षं. महिन्याला वीसेक युनिटं लागतात, त्यामुळे बिलाचा टप्पा सहसा उडी मारत नाही. साध्या प्लगवर चार्ज होते, वेगळं वायरिंग नाही, आणि घरातल्या सगळ्यांना चार्जिंगची सवय लागते. कारचा निर्णय मग दोन वर्षांनी अनुभवावर घेता येतो.

सोलरच्या आधी पंखे

सोलर किती किलोवॅटचं बसवायचं हे ठरवण्याआधी घरातला वाया जाणारा वापर काढा. जुना पंखा ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० च्या आत-बाहेर. चार पंखे दिवसाला बारा तास चालत असतील तर महिन्याला ६५ युनिटं वाचतात. ही सगळी वरच्या टप्प्यातली, १३ च्या दरानं ८४५ रुपये महिना. चार पंख्यांचे बारा हजार साधारण सव्वा वर्षात फिटतात. इतक्या स्वस्तात युनिट दुसरीकडे कुठे मिळत नाही, ना छतावर ना आणखी कुठे.

गॅस सोडून इंडक्शनवर जायचं का, हेही बरेच जण याच सुमाराला विचारतात. एका सिलिंडरइतका स्वयंपाक इंडक्शनवर करायला सव्वाशेच्या आसपास युनिटं लागतात. १३ रुपयांनी ते सोळाशे होतात, सिलिंडर ८५० च्या आसपास धरू. वीज विकत घेऊन इंडक्शन परवडत नाही. छतावरची वीज शिल्लक उरत असेल तरच तो विचार करा.

सोलर किती, कसं आणि कुठे

महाराष्ट्रात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला ४ युनिटं देतात. म्हणजे तीन किलोवॅटला महिन्याला ३६०. ही सरासरी आहे. एप्रिल-मेमध्ये जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये कधी निम्म्यावर, आणि कोकणात पावसाळा अंगावर आला की त्याहून कमी. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे छतावरून लाइनला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होते त्या पद्धतीत, जास्तीची युनिटं खात्यात जमा राहतात आणि आर्थिक वर्षभर पुढे ओढली जातात. वर्ष एप्रिलला सुरू होतं हे आपल्या सोयीचं आहे: उन्हाळ्यात जमलेलं पावसाळ्यात वापरता येतं. ३१ मार्चला उरलेली युनिटं मात्र वीज कंपनी तुमच्या दराच्या मानानं फारच कमी भावात घेते. म्हणून गरजेपेक्षा मोठं सोलर बसवून वीज विकून कमाई करू, हा बेत घरगुती ग्राहकाला लाभत नाही.

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४ पासून) पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार अनुदान आहे. म्हणजे तीन किलोवॅटला ७८ हजार, आणि त्यापुढे कितीही बसवलं तरी तेवढंच. पॅनेल देशी सेलचेच लागतात, बिलावर 'डीसीआर' लिहिलेलं असलं पाहिजे. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक घालून स्वतः करा किंवा समोर बसून करून घ्या. अनुदान नेट मीटर बसून तपासणी झाल्यावर तुमच्या बँक खात्यात येतं, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण रकमेची तजवीज लागते. त्यासाठी बँका सवलतीच्या व्याजानं विनातारण कर्ज देतात. 'अनुदान वजा करून एवढेच द्या, बाकी आमचं आम्ही बघतो' असं कुणी म्हणालं तर तो कागद सही करण्याआधी दोनदा वाचा. दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती सोलरला तांत्रिक पडताळणीची अट २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांनी काढली आहे आणि मंजूर भार कमी असेल तर तो त्या प्रमाणात वाढवून देण्याची तरतूद आहे. 'ट्रान्सफॉर्मरवर जागा नाही' हे उत्तर मिळालं तर हा नियम पुढे करा.

जागा किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागते. जागेपेक्षा सावली महत्त्वाची. पॅनेल एका माळेत जोडलेले असतात, एकावर सावली पडली की पूर्ण माळेचं उत्पादन खाली येतं. आपल्याकडे छताच्या दक्षिणेला पाण्याची टाकी हा हमखास सापडणारा अडथळा. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा टाकीची सावली तिच्या पायाशीच राहते आणि सगळं छत मोकळं दिसतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, तीच सावली लांब होऊन थेट पॅनेलवर येते. सर्व्हेला आलेल्या माणसाला डिसेंबरची सावली कुठपर्यंत येईल हे छतावर खडूनं आखून दाखवायला सांगा. आखता येत नसेल तर दुसरा बोलवा.

स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) असावं, किनाऱ्याजवळ तर याला पर्याय नाही. रंग मारलेला साधा अँगल खाऱ्या हवेत काही वर्षांत सोलून निघतो आणि पॅनेलची उत्पादन-हमी २५ वर्षांची असते. वाळवणं, कुरडया, लग्नकार्याचा मांडव यासाठी गच्ची लागणार असेल तर उंच स्ट्रक्चर घ्या, पण त्याचे पैसे वेगळे आणि वाऱ्याचा भार जास्त, म्हणून पाया आणि बोल्ट नीट बघा. धुवायचं ते सकाळी लवकर. बोअरचं जड पाणी वापरलं तर काचेवर क्षार बसतो, शेवटचा हात साध्या मऊ पाण्याचा द्या.

वीज गेली की साधं ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं) सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसं बांधलेलं असतं. गावात भारनियमन असेल, व्होल्टेज सारखं वरखाली होत असेल, तर तेवढा वेळ इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारं यंत्र) गप्प राहील आणि तेवढं उत्पादन बुडेल. अशा ठिकाणी बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, तो बराच महाग पडतो, आणि पुढे मांडलेली परतफेडीची वर्षं मग लागू होत नाहीत.

एक रुपया एकदाच

आता दोन्ही कागद शेजारी ठेवा. साताऱ्याचं तेच घर घेऊ. तीन किलोवॅटचं सोलर १ लाख ९० हजारांना, अनुदान वजा जाता १ लाख १२ हजार.

गाडी नसेल तर या घराला २२० युनिटांचीच गरज. तीन किलोवॅट बसवलं तर १४० युनिटं शिल्लक पडतील. इथे दोन किलोवॅट पुरतं. १ लाख ३० हजारांतून ६० हजार अनुदान जाता खर्च ७० हजार, वर्षाची बचत २७ हजार, अडीच-पावणेतीन वर्षांत वसूल. गाडी येणार असेल तर वापर ३६३ आणि तीन किलोवॅट बरोबर बसतं. महिन्याला २,२६० अधिक २,१११ म्हणजे ४,३७१ रुपये वाचतात, वर्षाला ५२ हजार, आणि सोलर सव्वादोन वर्षांतच फिटतं.

गल्लत इथे होते. सोलरच्या खात्यावर हे ५२ हजार मांडले, तर गाडीच्या खात्यावर किलोमीटरला २ रुपये १० पैसे खर्च मांडलाच पाहिजे, कारण गाडीची वीज वाचली ती सोलरनं वाचवली. गाडी फुकट चालते असं मांडायचं असेल तर सोलरची बचत २७ हजारच धरा. दोन्हीकडे मांडलं की २५ हजार रुपये दरवर्षी कागदावर जन्माला येतात, खिशात येत नाहीत. मी पहिली पद्धत वापरतो: गाडीला ग्रिडच्या दरानं वीज विकत घ्यायला लावायची आणि ती तशी परवडते का बघायचं. तशी परवडत नसेल, तर सोलरच्या जिवावर तिला परवडवू नका, कारण सोलर गाडीशिवायही पैसे देतंच आहे.

यातून क्रमही ठरतो. स्वतंत्र घर असेल तर सोलर आधी, पण आकार ठरवताना पुढच्या दोन-तीन वर्षांतली गाडी किंवा स्कूटर धरून. तीन किलोवॅटपर्यंत अनुदान आहे आणि मजुरी, स्ट्रक्चर, नेट मीटर यांचा खर्च एकदाच होतो. गाडी नक्की येणार असेल तर आत्ताच तीन घ्या. नक्की नसेल तर दोन घ्या, आणि इन्व्हर्टर तीनचा घातला तर पॅनेल नंतर वाढवता येतील का हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

चार्जिंगचा पॉइंट

गाडीबरोबर ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा मोठा चार्जर) गळ्यात मारायचा प्रयत्न होतो. त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागतो, कधी थ्री-फेज घ्यावं लागतं आणि स्थिर आकार चढतो. महिन्याला १,००० किलोमीटर म्हणजे दिवसाला ३३, म्हणजे पाचेक युनिटं. ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरला हे काम दीड तासाचं आहे. रात्रभर लावला तर दोनशे किलोमीटरची वीज भरतो. रोज दीडशे-दोनशे चालवणारा नसेल त्यानं मोठ्या चार्जरवर पैसे घालू नयेत.

कंजुषी करायची नाही ती वायरिंगवर. ३.३ किलोवॅट म्हणजे सलग चौदा-पंधरा अँपिअर, आठ-आठ तास. गिझरही एवढाच करंट ओढतो, पण वीस मिनिटांत बंद होतो. गिझरच्या पॉइंटवर रात्रभर गाडी लावली की सॉकेट पिवळं पडतं, मग काळं पडतं, मग वितळतं. मेन बोर्डापासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि निळं इंडस्ट्रियल सॉकेट एवढं पाहिजेच. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नाही, एका रात्रीपुरतासुद्धा नाही.

आणि अर्थिंग. जुन्या घरांत मीठ-कोळशाचा खड्डा असतो, त्यात पाणी घालायचं घरात कुणाच्या लक्षात नसतं. पावसाळ्यात गाडी मुकाट चार्ज होते, मे महिन्यात खड्डा सुकतो आणि चार्जरवर लाल दिवा लागतो. लोक सर्व्हिस सेंटरला फोन करतात, चार्जर बदलून मागतात. दोष जमिनीत असतो. वायरमनला मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला लावा. ते शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं, दहा-वीस व्होल्ट दिसले तर गाडी येण्याआधी नवं अर्थिंग करून घ्या. कोकणातल्या किंवा माणदेशातल्या मूळ घरी गाडी नेणार असाल तर तिथलंही मोजून घ्या, नाहीतर गणपतीत गाडी अंगणात उभी राहील आणि चार्ज होणार नाही. अर्थिंग चुकवण्यासाठी मिळणारे जुगाडी ॲडाप्टर लावू नका, तो लाल दिवा तुमच्या घरच्यांना शॉक बसू नये म्हणून आहे.

स्मार्ट टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार दर लावणारं) मीटर बसलं असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत घरगुती ग्राहकालाही युनिटमागे सवलत मिळते. घरून काम करणारे आणि निवृत्त मंडळी गाडी दुपारी लावू शकतात.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर

इथे अडचण वायरीची आणि माणसांची. मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल किती मीटर जाईल ते आधी मोजा. चाळीस-पन्नास मीटर झालं की जाड केबल लागते आणि खर्च गाडीच्या चार्जरपेक्षा जास्त होतो. सोसायटीला पत्र देताना नुसती परवानगी मागू नका. केबलचा मार्ग, लोखंडी कंड्युट (वायरीची नळी), एमसीबीची जागा आणि परवानाधारक ठेकेदाराचं नाव जोडा. कमिटीचा विरोध बहुतेक वेळा आगीच्या भीतीतून आणि 'उद्या सगळे मागतील' या काळजीतून येतो. चार-पाच जणांनी मिळून एकच केबल-ट्रे मागितला तर दोन्ही शंका मिटतात आणि प्रत्येकाचा खर्चही उतरतो.

मीटर कुठलं, याला दोन वाटा आहेत. घरच्याच मीटरवरून ओढली तर युनिटं वरच्या टप्प्यात जातात. २०२४ च्या त्याच नियमांनुसार चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते; तिचा दर टप्प्यांचा नसून सरसकट असतो आणि स्थिर आकार वेगळा. घरचा वापर आधीच चारशेच्या वर असेल तर स्वतंत्र जोडणी फायद्याची, दीडशेच्या आत असेल तर घरचंच मीटर बरं. बंगल्यात सोलर असणाऱ्यांनी मात्र स्वतंत्र ईव्ही मीटर घेऊ नये. सोलर ज्या मीटरला जोडलंय त्याचंच बिल कमी होतं, दुसऱ्या मीटरच्या गाडीला त्यातलं काही मिळत नाही.

गच्ची सोसायटीची असेल तर लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांसाठी सामाईक सोलरला किलोवॅटला १८ हजार अनुदान आहे, त्यात चार्जिंगची सोयही बसते. पुढच्या वार्षिक सभेत हा विषय मांडण्यासारखा आहे. घरी किंवा ऑफिसात चार्जिंगची कुठलीच सोय होणार नसेल, आणि सगळं बाहेरच्या चार्जरवर अवलंबून असेल, तर आत्ता गाडी घेऊ नका. किलोमीटरला साडेतीन रुपये आणि आठवड्यातून दोनदा तासभर वाट बघणं, यात सोयही जाते आणि बचतही.

लांबचा प्रवास

पुणे-कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. चोवीस किलोवॅट-अवरची, म्हणजे चोवीस युनिटांची बॅटरी असलेली लहान गाडी यात एकदा थांबते, पस्तीस-चाळीसची मोठी बॅटरी बेतानं पोचते. खंबाटकीसारखा चढ, एसी, चौघं आणि सामान यांनी रेंज खाली येते. समृद्धी महामार्गावर १२० नं गेलात तर हवेचा रोध इतका वाढतो की शहरातली रेंज विसरावी लागते. ताशी ९० ठेवली तर एक थांबा वाचतो आणि एकूण वेळ जवळपास तेवढाच लागतो. चार्जिंगचा थांबा जेवणाच्या वेळेला ठरवा, आणि ठरवलेला चार्जर बंद निघाला तर पुढच्यापर्यंत पोचण्याइतकी बॅटरी शिल्लक ठेवा. गणपती, दिवाळी, मेच्या सुट्टीत हायवेवरच्या चार्जरला रांग लागते, तेव्हा रात्री उशिरा किंवा पहाटे निघणं सोपं पडतं.

राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी इथे इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. नेहमी मुंबई-पुणे करणाऱ्यानं ही रक्कम वर्षाची काढून गाडीच्या खात्यात मिळवावी, कधीकधी ती इंधनातल्या बचतीच्या जवळ जाते. वर्षातून दोनदा जाणाऱ्यानं ती सोडून द्यावी.

घरात दुसरी पेट्रोल गाडी असेल तर लांबच्या प्रवासासाठी मोठी बॅटरी घेण्याची गरज नाही, आणि तिथे लाख-दीड लाख सरळ वाचतात.

पैसे भरण्याआधी

गाडीच्या कागदात बॅटरीची वॉरंटी नीट वाचा. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर हे आता सर्रास आढळतं, पण क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून मिळेल आणि दुसऱ्या मालकाला वॉरंटी लागू राहते का, हे दोन प्रश्न स्वतंत्र विचारा. जुनी गाडी विकताना भाव यावरच ठरतो. बॅटरी भाड्यानं घेण्याची योजना असेल तर गाडीची किंमत कमी दिसते, पण किलोमीटरमागे भाडं लागतं. ते भाडं आणि वीज यांची बेरीज करून मगच सीएनजीशी तुलना करा. विम्यात पाणी शिरून झालेलं बॅटरीचं नुकसान भरून मिळतं का बघा. तळघरातलं पार्किंग असणाऱ्यांनी हे पूरक संरक्षण घ्यावंच, बॅटरी हाच गाडीतला सर्वात महाग भाग आहे.

सोलरच्या कोटेशनवर पॅनेलचं मॉडेल, इन्व्हर्टरची कंपनी आणि वॉरंटीची वर्षं, अर्थिंगचे खड्डे किती, आकाशातल्या विजेपासून वाचवणारा लाइटनिंग अरेस्टर आहे का, आणि नेट मीटरचा खर्च कुणाकडे, हे सगळं लिहून घ्या. शेवटचा हप्ता नेट मीटर चालू होऊन पहिलं बिल हातात आल्यावर द्यायचं ठरवा. त्या बिलावर आयात आणि निर्यात अशी दोन रीडिंग वेगळी दिसली पाहिजेत. निर्यातीचा रकाना कोरा असेल तर इन्व्हर्टरच्या ॲपमधल्या आकड्याचा फोटो आणि बिल घेऊन त्याच आठवड्यात वीज कार्यालयात जा.